हवामान बदल, आपत्ती आणि इंजिनिअरिंगचे प्रोजेक्ट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी इंजिनिअरिंगच्या मुलामुलींकडून पूर, भूकंप, दरडी, उष्णतेच्या लाटा अशा विषयांवर प्रोजेक्ट करून घेते आहे. सहकारी प्राध्यापक आणि विद्यार्थी दोघंही काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्नच तसे आहेत.

हवामान बदल हा भूगोलाचा किंवा पर्यावरणाचा विषय. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांवर त्याचं ओझं कशाला?

इंजिनिअर जे काही बांधतो त्यात हवामान आधीच बसलेलं असतं. फक्त ते आकड्याच्या रूपात असतं, म्हणून डोळ्यांत भरत नाही. गटाराचा आकार ठरवताना पावसाची तीव्रता धरतात, पुलाची उंची ठरवताना पुराची पातळी, ट्रान्सफॉर्मर निवडताना भोवतालचं कमाल तापमान, टॉवर उभारताना वाऱ्याचा वेग. हे आकडे मागच्या काही दशकांच्या नोंदींवरून काढलेले असतात आणि आपण बांधतो ते पुढच्या पन्नास-शंभर वर्षांसाठी. पुढचं हवामान मागच्यासारखंच राहील, हे त्या आकड्यानं मुकाट्यानं गृहीत धरलेलं असतं.

ते गृहीतक आता ढळलं आहे. २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचं सरासरी तापमान १८५०–१९०० या काळापेक्षा सुमारे १.१ अंश सेल्सिअसनं जास्त होतं. हवा एक अंशानं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे मोठा पाऊस आणखी मोठा होण्याची सोय होते. कोष्टकातला आकडा उचलताना तो कुठून आला आणि तो चुकला तर कोणाच्या घरात पाणी शिरेल, हे विचारायची सवय मुलांना लागावी, एवढीच माझी धडपड आहे. या पानावरचं बाकी सगळं त्यातूनच आलेलं आहे.

मग एक चांगली व्याख्यानमाला ठेवली तर पुरणार नाही का? प्रोजेक्टच का?

व्याख्यानं हवीतच. पण व्याख्यानात ऐकलेली गोष्ट परीक्षेपुरती राहते, हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की आता त्यावर विसंबत नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ ही संकल्पना घ्या. तोंडी परीक्षेत व्याख्या सगळे बिनचूक सांगतात. मग मी विचारते, ‘या पुराच्या पट्ट्यात तू घर घेतलंस आणि तीस वर्षं राहिलास, तर घरात एकदा तरी पूर येण्याची शक्यता किती?’ बहुतेकांना वाटतं, नगण्य असेल. खरं उत्तर २६ टक्के आहे. दरवर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९९, तिचा तिसावा घात केला की ०.७४ येतं, उरलेले ०.२६. चारातल्या एका घराला तीस वर्षांत फटका. हे गणित शाळकरी आहे, पण ज्या ग्रुपनं स्वतः एखाद्या वस्तीचा नकाशा काढून त्यात घरं मोजलेली असतात, त्या ग्रुपला हा आकडा ऐकून गप्प बसताना मी पाहिलं आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर टक्केवारी नसते, मोजलेली घरं असतात.

हवामान बदल आणि भूकंप एकाच माळेत का ओवायचे? त्यांचा संबंध काय?

भूकंप हवामान बदलामुळे होत नाहीत आणि हे मुलांना पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगावं. प्रत्येक आपत्ती हवामान बदलाच्या खात्यावर टाकायची सवय लागली की विचार थांबतो.

तरीही दोन्ही एकत्र शिकवावेत असं मला वाटतं, कारण धोका आणि आपत्ती यांतला फरक भूकंपाइतका स्पष्ट दुसऱ्या कशातूनच दिसत नाही. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला आणि लाखाहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात मोकळी झालेली ऊर्जा हैतीच्या सुमारे ५०० पट होती, आणि मृतांची संख्या होती सुमारे सव्वापाचशे. हैतीत भूकंपाचं केंद्र राजधानीला खेटून आणि उथळ होतं, चिलीत ते समुद्रात होतं. हा फरक मान्य करायलाच हवा. पण तो धरूनही मोठी तफावत उरते. चिलीत भूकंपरोधक बांधकामाचे नियम होते आणि ते बऱ्यापैकी पाळले गेले होते. जमीन दोन्हीकडे हादरली, पण हैतीत माणसं मारली ती मुख्यतः पडलेल्या इमारतींनी.

म्हणून मी मुलांना तीन रकाने आखायला लावते : धोका काय, त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे, आणि ते किती लेचंपेचं आहे. पहिल्या रकान्यावर इंजिनिअरचा फारसा इलाज चालत नाही. उरलेले दोन बऱ्याच अंशी त्याच्या हातात असतात.

विषय कसा निवडायचा? विद्यार्थी नेहमी ‘हवामान बदलावर उपाय’ असलं काहीतरी घेऊन येतात.

येतातच, आणि त्यांचा उत्साह खरा असतो, तेव्हा तो मोडू नये. फक्त प्रश्न विचारत विचारत विषय आक्रसत न्यावा. ‘पुरावर उपाय’पासून निघून ‘या एका रस्त्यावर तासाला ६० मिमी पाऊस पडला तर पाणी किती वेळ तुंबतं’ इथपर्यंत आलं की प्रोजेक्ट सुरू झाला असं समजा. माझी कसोटी साधी आहे : विषयात एक मोजता येणारी राशी हवी, एक ठिकाण हवं, आणि त्या ठिकाणचा निर्णय घेणारा कोणीतरी हवा, ज्याला उत्तराचा उपयोग होईल.

अरुंद विषयातूनही मोठी गोष्ट निघते, याचं माझं आवडतं उदाहरण पावसाच्या पाण्याचंच आहे. एक हेक्टर जागा घ्या. मोकळी माती असताना पडलेल्या पावसातलं साधारण ३० टक्के पाणी वाहून जातं असं धरू. तासाला ६० मिमी पाऊस असेल तर त्या जागेतून सेकंदाला ५० लिटर पाणी बाहेर पडेल. आता तीच जागा पूर्ण फरसबंद करा, म्हणजे ९० टक्के पाणी वाहून जाईल : सेकंदाला १५० लिटर. मग पाऊस १४ टक्क्यांनी वाढवा, म्हणजे दोन अंश तापमानवाढीचा ढोबळ अंदाज : १७१ लिटर.

हे तीन आकडे एकाखाली एक लिहिले की वर्गात वाद सुरू होतो. पन्नासाचे दीडशे कोणी केले? ते हवामानानं नाही केले, ते काँक्रीटनं केले. आणि हवामानानं भर घातली ती आधीच तिप्पट झालेल्या पाण्यावर. मोकळ्या मातीवर तेच १४ टक्के म्हणजे सात लिटर, फरसबंदीवर एकवीस. हवामान बदल आपल्या जुन्या चुकांना गुणतो, हे मी कितीही वेळा फळ्यावर लिहिलं तरी ते या वहीतल्या गणिताइतकं पटत नाही.

हे सगळं सिव्हिलचं झालं. बाकीच्या शाखांनी काय करावं?

इलेक्ट्रिकलवाल्यांनी ट्रान्सफॉर्मर घ्यावा. दिवसा तापलेला ट्रान्सफॉर्मर रात्री निवतो या भरवशावर त्याचं आयुष्य मोजलेलं असतं. रात्रीच तापू लागल्या तर? तापमान ६ ते १० अंशांनी वाढलं की इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं, हा त्या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. त्यावरून एका फीडरचा, म्हणजे एका भागाला वीज पुरवणाऱ्या वाहिनीचा, हिशेब मांडता येतो. मेकॅनिकलसाठी उष्णतेच्या लाटेत पत्र्याच्या छताखालचं तापमान आणि ते खाली आणायचे वीज न लागणारे मार्ग हा विषय कधी संपत नाही.

केमिकल आणि मटेरियलच्या मुलांना मी एक छोटा प्रयोग आवर्जून करायला लावते. शुद्ध चुनखडीची १०० ग्रॅम पूड मुशीत (उष्णता सोसणाऱ्या भांड्यात) घालून मफल फर्नेसमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीत, ९०० अंशांच्या वर पुरेसा वेळ भाजायची आणि थंड झाल्यावर लगेच वजन करायचं. ५६ ग्रॅमच्या आसपास उरतं. उरलेले ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड होऊन गेले. मूस हातात धरून मुलं तराजूकडे पुन्हा पुन्हा बघतात. भट्टी सौर ऊर्जेवर चालवली असती तरी हे ४४ ग्रॅम गेलेच असते, कारण ते इंधनातून आलेच नव्हते, दगडातून आले होते. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा साधारण ८ टक्के का आहे आणि तो कमी करणं इतकं अवघड का आहे, ते त्या मुशीतच दिसतं.

कॉम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांचा ओढा पूर्वसूचनेकडे असतो. चांगला आहे, पण त्यांना एक इतिहास आधी वाचायला द्या. १९७० च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली. १९७२ पासून तिथे स्वयंसेवकांची फळी उभी राहिली : गावातलाच ओळखीचा माणूस, हातात भोंगा आणि झेंडे. जोडीला निवाऱ्याच्या पक्क्या इमारती आल्या, अंदाज सुधारले. २००७ च्या सिद्र चक्रीवादळातही हजारो गेले, पण आकडा साडेतीन हजारांच्या आसपास होता. ॲप लिहिण्याआधी या साखळीतला नेमका कोणता दुवा आपण मजबूत करणार आहोत, हे ग्रुपनं एका वाक्यात सांगावं. सांगता आलं नाही तर अजून वाचावं.

एखादा प्रोजेक्ट प्रत्यक्षात कसा पुढे सरकतो, हे सांगाल का?

नाल्याच्या पाण्याची पातळी मोजून इशारा देणारं यंत्र, हा सगळ्यात जास्त निवडला जाणारा प्रोजेक्ट. पुलाच्या खालच्या बाजूला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, तो पाण्याच्या दिशेनं ध्वनी सोडतो, परत यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. मायक्रोकंट्रोलर, बॅटरी, छोटं सोलर पॅनेल, सिमकार्ड. दोन आठवड्यांत टेबलावर चालू होतं आणि ग्रुपला वाटतं, झालं.

माझ्या एका ग्रुपनं ते नाल्यावर लावलं तेव्हा कोरडा उन्हाळा होता. तळाशी वीतभर पाणी. पहिल्या आठवड्याचा ग्राफ आला आणि त्यात रोज दुपारी पाणी सहा-सात सेंटिमीटरनं चढत होतं, रात्री उतरत होतं. पावसाचा थेंब नाही. एकजण म्हणाला, कोणीतरी वरून पाणी सोडत असणार. दुसरी म्हणाली, सेन्सर खराब आहे, बदलूया. बदलला. तोच ग्राफ.

मी उत्तर सांगितलं नाही. चार दिवस गेले. मग एकीनं दुपारचं तापमान त्याच ग्राफवर चढवलं आणि दोन्ही रेषा एकमेकींच्या अंगावर बसल्या. ध्वनीचा वेग हवेच्या तापमानावर अवलंबून असतो : २० अंशाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४० अंशाला सुमारे ३५५. प्रोग्रॅममध्ये ३४३ ठोकून बसवलेला होता. गरम हवेत ध्वनी लवकर परतला, प्रोग्रॅमला वाटलं अंतर कमी झालं, म्हणजे पाणी चढलं. दोन मीटर अंतरावर ही चूक जवळजवळ सात सेंटिमीटर होते. शेजारी तापमानाचा सेन्सर लावून प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलली आणि दुपारची भरती थांबली.

पुढे पावसाळ्यात आणखी गोष्टी निघाल्या. सेन्सरच्या तोंडाशी कोळ्यानं जाळं विणलं. वाहून आलेली फांदी पुलाच्या खांबाला अडकली आणि यंत्रानं तिलाच पाणी समजून पहाटे तीनला इशारा दिला. तेव्हा खरा प्रश्न समोर आला : लागोपाठ किती रीडिंग धोक्याच्या वर गेली की इशारा द्यायचा? एकावर दिला तर खोटे इशारे फार. दहावर दिला तर पाणी दारात. तिसऱ्या खोट्या इशाऱ्यानंतर लोक फोन बघणं सोडून देतात. हा निर्णय डेटाशीटमध्ये सापडत नाही. पाणी किती वेगानं चढतं आणि खालच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला जिना चढायला किती वेळ लागतो, या दोन्हींची नोंद घेऊन तो करावा लागला. ग्रुपनं घड्याळ लावून जिन्यांचा वेळ मोजला, हे मला त्या प्रोजेक्टमधलं सर्वांत मोलाचं काम वाटतं.

भूकंपाचा प्रोजेक्ट करायचा तर मोठं शेक टेबल (भूकंपासारखे धक्के देणारं टेबल) लागतं ना?

संशोधनाला लागतं. शिकायला मोटर, क्रँक आणि रुळांवर सरकणारी फळी पुरते. फळीवर स्टीलच्या तीन पट्ट्या उभ्या करा, तीन वेगवेगळ्या उंचीच्या, प्रत्येकीच्या टोकाला सारखंच वजन. मोटरचा वेग हळूहळू वाढवत न्या. आधी सर्वांत उंच पट्टी वेड्यासारखी डोलते आणि शेजारच्या दोघी जवळपास स्थिर. वेग वाढला की उंच पट्टी शांत होते आणि मधली सुटते. शेवटी बुटकीची पाळी. तीच फळी, तोच धक्का.

यानंतर मेक्सिको सिटीचा १९ सप्टेंबर १९८५ चा भूकंप समोर ठेवा. केंद्र साडेतीनशे किलोमीटर किंवा त्याहून लांब, पॅसिफिकच्या किनाऱ्यावर. शहराचा मोठा भाग जुन्या तळ्याच्या मऊ चिकणमातीवर वसलेला. त्या मातीनं साधारण दोन सेकंदांच्या आवर्तनाच्या, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला दोन सेकंद लागणाऱ्या, लाटा कित्येक पटींनी वाढवल्या. सर्वांत जास्त मार खाल्ला तो सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींनी. मजल्यामागे ०.१ सेकंद हा ठोकताळा लावला तर दहा मजल्यांच्या इमारतीचं आवर्तन एक सेकंदाच्या आसपास येतं. तडे जाऊन इमारत सैल झाली की ते वाढत वाढत दोन सेकंदांकडे सरकतं, म्हणजे इमारत स्वतःहून संकटाच्या सुरात सूर मिळवते. बुटकी घरं मात्र त्याच रस्त्यावर उभी राहिली. पट्ट्या पाहिलेल्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही.

याहून स्वस्त प्रयोग हवा असेल तर बादलीत ओली वाळू भरा, वर वीट उभी करा आणि बादलीला बाजूनं टपटप ठोका. वाळू पातळ होते आणि वीट न मोडता कलंडते. जपानमधल्या निगाता इथे १९६४ साली अख्ख्या इमारती अशाच कलंडल्या होत्या, भिंतींना फारसं काही न होता.

काहीही न बनवता, जुन्या दुर्घटनेचा अभ्यास हा प्रोजेक्ट धरता येईल का?

नक्की, पण अट अशी की निबंध नको, हिशेब हवा. त्या वेळच्या इंजिनिअरला काय माहीत होतं, त्यानं कोणता आकडा निवडला, दुसरा निवडला असता तर काय झालं असतं.

जपानमधली ११ मार्च २०११ ची त्सुनामी यासाठी फार बोलकी आहे. फुकुशिमा दाइइची अणुऊर्जा प्रकल्पाचं संरक्षण ५.७ मीटर उंचीची लाट धरून आखलेलं होतं. प्रत्यक्षात पाणी १४-१५ मीटरपर्यंत चढलं आणि तळघरातले आपत्कालीन डिझेल जनरेटर बुडाले. थंड करणारे पंप बंद पडले, पुढचं सगळ्यांना माहीत आहे. त्याच किनाऱ्यावर ओनागावाचा अणुऊर्जा प्रकल्प भूकंपाच्या केंद्राला आणखी जवळ होता. तिथे साधारण १३ मीटरची लाट आली, पण जागाच सुमारे १४ मीटर उंचीवर निवडलेली होती. काही नुकसान झालं, पण अणुभट्ट्या सुरक्षित बंद झाल्या. मुलांना मी दोन्ही ठिकाणांचे काटछेद एकाच मापानं कागदावर काढायला लावते आणि त्यावर लाटेची रेघ ओढायला सांगते. जनरेटरची खोली त्या रेघेच्या खाली रंगवताना हात थांबतो.

दुसरा अभ्यास इटलीतल्या वायोंत धरणाचा. ९ ऑक्टोबर १९६३ च्या रात्री सुमारे २६ कोटी घनमीटर डोंगर जलाशयात घसरला, पाण्याची प्रचंड लाट धरणावरून उडाली आणि खालच्या खोऱ्यातली सुमारे दोन हजार माणसं गेली. २६२ मीटर उंचीचं धरण मात्र उभं राहिलं, आजही उभं आहे. रचनेचं गणित बरोबर होतं. डोंगर सरकतो आहे हे आधीपासून मोजलंही जात होतं. हा अभ्यास करणाऱ्या ग्रुपशी शेवटी मी तासभर बोलते, गुणांचं नंतर बघू म्हणते.

आमच्याकडे ना उपकरणं आहेत ना निधी. डेटा कुठून आणायचा?

आज डेटाची टंचाई नाही. पावसासाठी उपग्रहांच्या नोंदी, १९४० पासूनचं तासातासाचं हवामान देणारा ‘ईआरए-५’ संच, पुराचं पाणी ढगांआडूनही टिपणारी ‘सेंटिनेल-१’ची रडार चित्रं, सगळं फुकट. सॉफ्टवेअरही तशीच : नकाशांसाठी क्यूजीआयएस, नदी आणि पुरासाठी एचईसी-रास व एचईसी-एचएमएस, शहरी गटारांसाठी एसडब्ल्यूएमएम, इमारतींसाठी ओपनसीस. यांतल्या कशालाही पैसे पडत नाहीत.

धोका वेगळाच आहे. संगणकावर रंगीत नकाशा आला की तो खराच वाटतो. सर्वांत जास्त फसगत होते ती उंचीच्या नकाशात. २००० साली अवकाशयानातून रडारनं केलेल्या ‘एसआरटीएम’ सर्वेक्षणातले आकडे बहुतेक जण वापरतात. त्यात ३० मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते, झाडांचे शेंडे आणि छपरं जमीन म्हणून धरली जातात, चूक काही मीटरची असू शकते. त्यावरून कोणी ‘इथे ४० सेंटिमीटर पाणी साचेल’ असं लिहिलं तर मी ते वाक्य खोडते. एक डंपी लेव्हल (जमिनीची उंची मोजायची दुर्बीण) आणि एक सकाळ खर्च करून वीस बिंदूंची उंची स्वतः घ्या, तेवढ्यानं नकाशावर किती विश्वास टाकायचा ते कळतं.

पुढच्या पन्नास वर्षांच्या हवामानाचे अंदाज विद्यार्थ्यांना झेपतात का?

मॉडेल चालवणं नाही झेपत, त्याची गरजही नाही. त्यांचे निकाल वापरता येतात. जागतिक मॉडेलचा एक चौकोन साधारण शंभर किलोमीटरचा असतो, त्यामुळे एका गल्लीतल्या पावसाचं भाकीत त्यातून काढू नये. मुलांनी पुढच्या काळातल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाच्या कमी, मध्यम आणि जास्त अशा तीन वाटा घ्याव्यात आणि आपलं डिझाइन तिन्हींत तपासावं. तिन्हींत उत्तर सारखंच आलं तर उत्तम, निर्णय झाला. वेगळं आलं तर खर्चाचा आणि पश्चात्तापाचा विचार सुरू होतो : आज पाइप मोठा टाकायचा, की नंतर दुसरा टाकता येईल अशी जागा सोडायची? अनिश्चितता असताना निर्णय घेणं हे इंजिनिअरचं रोजचं काम आहे, ते कॉलेजातच सुरू झालेलं बरं.

एका सेमिस्टरमध्ये हे बसतं का?

मॉडेल आणि अभ्यासाचे प्रोजेक्ट बसतात. बाहेर सेन्सर लावायचा असेल तर एक पावसाळा तरी हवा, म्हणजे वर्षाचा प्रोजेक्ट घ्या. ग्रुप चार जणांपेक्षा मोठा नको, आणि दोन शाखांची मुलं एकत्र करता आली तर जरूर करा.

आपत्ती होऊन गेलेल्या ठिकाणी विद्यार्थ्यांना न्यावं का?

न्यावं, पण घाईनं नाही. जखम ओली असताना वही घेऊन दारात उभं राहू नये. तिथे मदतीचं काम करायला गेलात तर निव्वळ मदतच करा, प्रोजेक्टचा प्रश्न तोंडातून काढू नका.

नंतर जाल तेव्हा परवानगी विचारून जा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका, आणि कोणी बोलायला नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. ‘तुम्हाला कसं वाटलं’ हा प्रश्न मुलांनी विचारूच नये असं माझं मत आहे. ‘पाणी कुठपर्यंत आलं होतं?’ एवढं विचारावं. त्या एका प्रश्नावर माणसं आपणहून बरंच सांगतात.

असंच एकदा एका आजींनी उठून भिंतीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘इथवर.’ मुलानं टेप लावला : १ मीटर ४२ सेंटिमीटर. ग्रुपच्या मॉडेलमध्ये त्या ठिकाणी ९० सेंटिमीटर आलं होतं. परत येऊन आकडे तपासले, चूक सापडेना. पुन्हा जाऊन पाहिलं तेव्हा रस्त्याखालची मोरी अर्ध्याहून जास्त गाळानं आणि प्लॅस्टिकनं भरलेली दिसली. मॉडेलमध्ये ती पूर्ण उघडी धरलेली होती. मोरी अर्धी बुजवून मॉडेल पुन्हा चालवलं तर १ मीटर ३५. त्या मुलांनी अहवालात ‘निरीक्षण क्रमांक एक’ म्हणून आजींच्या हाताची उंची लिहिली, नाव न देता. ते योग्यच होतं.

हवामान बदल खरा नाही असं म्हणणारा विद्यार्थी असेल तर?

त्याला गप्प करू नका, मोजायला लावा. यातलं भौतिकशास्त्र जुनं आहे. युनिस फूट यांनी १८५६ साली काचेच्या नळ्यांत वायू भरून उन्हात ठेवले तेव्हा कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत जास्त तापली. जॉन टिंडाल यांनी १८५९ पासून हे वायू उष्णता कशी शोषतात ते मोजलं. स्वांते अरेनियस यांनी १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून तापमानवाढीचा अंदाज मांडला. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईतल्या मौना लोआ पर्वतावर मोजमाप सुरू केलं तेव्हा हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दहा लाख भागांत सुमारे ३१५ होतं, आता ते ४२० च्या वर आहे. नोंदी खुल्या आहेत. शंका घेणाऱ्या विद्यार्थ्यानं त्या स्वतः उतरवून ग्राफ काढावा. असे विद्यार्थी पुढे ग्रुपमधले सर्वांत काटेकोर ठरतात, हा माझा अनुभव आहे.

आणि जे विद्यार्थी उलट हताश होतात?

त्यांची काळजी मला जास्त वाटते. ‘मॅडम, एवढं सगळं होणारच असेल तर आपण करून काय उपयोग?’ असं एकीनं विचारलं होतं. समजुतीचे शब्द तेव्हा पोकळ वाटतात. तिला छपराच्या प्रोजेक्टवर घेतलं. दोन शेजारच्या स्लॅबपैकी एकाला पांढरा परावर्तक रंग दिला, दुसरा तसाच ठेवला आणि दुपारी दोन वाजता दोन्हींवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तिनं ते रीडिंग मला आणून दाखवलं नाही, आधी खालच्या खोलीत राहणाऱ्यांना दाखवलं.

गुण कसे द्यायचे?

चालणाऱ्या यंत्राला जास्त आणि न चालणाऱ्याला कमी, ही पद्धत इथे घातक आहे. मग मुलं बिघडलेली रीडिंग लपवतात. मी निम्म्याच्या जवळपास गुण तीन गोष्टींना ठेवते : गृहीतकांची यादी किती प्रामाणिक आहे, अनिश्चितता आकड्यात सांगितली आहे का, आणि काय चुकलं याची नोंदवही. ती नोंदवही तारीखवार, हातानं लिहिलेली हवी. तोंडी परीक्षेत शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असतो : ‘तुमचं डिझाइन कोणत्या परिस्थितीत कोसळेल?’ ‘कोसळणार नाही’ हे उत्तर आलं तर मी पुढच्या आठवड्यात परत बोलावते.

प्रोजेक्ट संपल्यावर त्याचं काय करायचं?

ज्यांच्यासाठी केला त्यांना त्यांच्या भाषेत एक पान लिहून द्यायचं, तेही सबमिशनच्या आधी. नाल्यावर लावलेलं यंत्र सांभाळायला कोणी नसेल तर ते काढून आणायचं आणि वस्तीतल्या लोकांना ‘आता इशारा येणार नाही’ असं घरोघरी सांगायचं. बंद पडलेल्या यंत्राच्या भरवशावर झोपलेलं कुटुंब हा आपण निर्माण केलेला नवा धोका असतो. कच्चा डेटा, प्रोग्रॅम आणि चुकांची नोंदवही पुढच्या बॅचच्या हातात द्यायची, नुसती सोपवून नव्हे तर एक दिवस सोबत नाल्यावर जाऊन. यंदाच्या बॅचला मिळालेल्या नोंदवहीच्या पहिल्या पानावर तारखेखाली लिहिलं आहे : ‘दुपारी पाणी चढलेलं दिसलं तर आधी तापमान बघा.’